श्रोत्याची जागा : गुप्तहेर-मालिकांतील पुरुषमैत्री आणि नायिकेची अनुपस्थिती

१

दूरचित्रवाणी-मालिकांतील स्त्रीचित्रणाचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने कौटुंबिक मालिकांच्या आधारे झालेला आहे. ‘रजनी’ (१९८५) आणि ‘उडान’ (१९८९) या मालिकांतील कर्तबगार नायिका एका बाजूला आणि २००० साली सुरू झालेल्या ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’पासूनची सासू-सुनांची परंपरा दुसऱ्या बाजूला, असे दोन ध्रुव कल्पून त्यांच्यामध्ये चर्चा फिरत राहते. म्हणजे जेथे स्त्री आहे तेथेच ती पाहिली गेली. जेथे ती नाही, निदान नायिका म्हणून नाही, अशा मालिकांविषयी ‘स्त्रीपात्रांची उपेक्षा’ एवढा शेरा मारून समीक्षा पुढे जाते. हा शेरा खोटा नाही. परंतु त्यातून काहीच उलगडत नाही. उपेक्षा ही अनवधानाने होते. गुप्तहेर-मालिकांमध्ये नायिकेची अनुपस्थिती मात्र पुष्कळदा हेतुपुरस्सर घडविलेली असते. मूळ कथेत असलेले लग्न गाळले जाते, पत्नीला कथेतून नाहीशी केले जाते, किंवा तिला घरात ठेवून कथेच्या केंद्रापासून दूर बसविले जाते. ही सारी कारागिरी कशासाठी, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्यासाठी बासू चटर्जी यांची ‘ब्योमकेश बक्षी’ (दूरदर्शन, १९९३ व १९९७), ब्रिटनमधील ग्रॅनडा या दूरचित्रवाणी-कंपनीची शेरलॉक होम्स मालिका (१९८४ ते १९९४) आणि बीबीसीची ‘शेरलॉक’ (२०१० ते २०१७) या तीन मालिका मुख्यतः विचारात घेतल्या आहेत.

बासू चटर्जी यांची निवड करण्यास आणखी एक कारण आहे. प्रिया तेंडुलकर यांना घेऊन ‘रजनी’ करणारे दिग्दर्शक तेच, आणि एका खोलीत बारा पुरुषांना कोंडून घेणारा ‘एक रुका हुआ फैसला’ (१९८६) करणारेही तेच. तेव्हा नायिकाप्रधान मालिका करणे ज्यांना उत्तम साधले होते, त्यांच्या हातून नायिकाविरहित कथा कशा घडल्या, याचे उत्तर दिग्दर्शकाच्या दृष्टिकोनात शोधून भागणार नाही. ते कथाप्रकाराच्या रचनेतच शोधावे लागेल.

२

पुरुषापुरुषांमधील बंधांचा साहित्यविचार ईव्ह कोसोफ्स्की सेज्विक यांच्या १९८५ सालच्या ‘बिट्वीन मेन’ या ग्रंथाने मोठ्या प्रमाणात पुढे नेला. रने जिरार यांनी कादंबरीच्या संदर्भात मांडलेला इच्छेचा त्रिकोण सेज्विक यांनी स्वीकारला आणि त्याची दिशा बदलली. दोन पुरुष एका स्त्रीसाठी स्पर्धा करतात तेव्हा त्या त्रिकोणातील सर्वांत बळकट बाजू पुष्कळदा त्या दोन पुरुषांना जोडणारी असते आणि स्त्री ही त्या नात्याचे माध्यम असते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा आहे.

ही मांडणी गुप्तहेर-कथेला जशीच्या तशी लावता येत नाही. होम्स आणि वॉटसन, ब्योमकेश आणि अजित यांच्यामध्ये एका स्त्रीसाठी स्पर्धा नाही. त्यांना जोडणारे माध्यम म्हणजे गुन्ह्याचे प्रकरण. दर कथेत नवे प्रकरण येते, दोघांना बांधते आणि संपते. ते प्रकरण घेऊन येणारी व्यक्ती अनेकदा स्त्री असते. ती जिना चढून वर येते, आपली हकीकत सांगते आणि निघून जाते. आपण तिला विसरतो, कारण कथेने तिच्याकडून घ्यावयाचे ते घेतलेले असते. तेव्हा त्रिकोणाचा तिसरा कोन येथे आहे, पण तो दर आठवड्याला बदलणारा आहे. मालिका या प्रकाराशी ही व्यवस्था फारच जुळते.

मग नायिकेची जागा कोठे गेली? मेलोड्रामात किंवा प्रेमकथेत नायिका जी नाट्यात्म कामे करते त्यांचा विचार केल्यास उत्तर मिळते. ती नायकाचे बोलणे ऐकते. त्याच्या पराक्रमाने ती विस्मित होते. तो संकटात असता तिच्या चेहऱ्यावरून प्रेक्षकाला त्या संकटाची तीव्रता कळते. त्याच्या विक्षिप्तपणावर रागावण्याचा आणि त्याला क्षमा करण्याचा हक्क तिला असतो. ही चारही कामे होम्सकथेत वॉटसन करतो आणि ब्योमकेशकथेत अजित करतो. नायिकेची भूमिका नाहीशी झालेली नसून ती एका पुरुषाने भरून काढलेली आहे. तिला येथे ‘श्रोत्याची जागा’ असे म्हटले आहे.

छापील कथेत हा श्रोता निवेदकही असतो. ‘मी’ म्हणून तो वाचकाशी बोलतो, त्यामुळे त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही. दूरचित्रवाणीवर हा क्रम उलटतो. निवेदनाचा आवाज अधूनमधून ठेवला तरी सांगण्याचे मुख्य काम कॅमेरा करू लागतो आणि निवेदक हा पाहिला जाणारा माणूस होतो. नायक उलगडा करीत असता पडद्यावर वारंवार दिसतो तो ऐकणाऱ्याचा चेहरा. के. के. रैना यांनी अजितची भूमिका जवळजवळ ऐकण्याच्याच अभिनयावर उभी केली आहे, आणि रजित कपूर यांच्या शांत, घरगुती ब्योमकेशला जो उठाव मिळतो तो बऱ्याच अंशी त्या चेहऱ्यामुळे. छोट्या पडद्यावरील समीपदृश्यांत एरवी नायिकेला मिळणारा वेळ येथे मित्राला मिळतो. माध्यमांतराने श्रोत्याची जागा अधिक दृश्य झाली. म्हणून ती राखण्याची निकडही वाढली.

३

या दृष्टीने पाहिले असता गुप्तहेर-कथेतील विवाहांचा प्रश्न वेगळ्याच प्रकाशात दिसू लागतो.

कॉनन डॉयल यांच्या ‘द साइन ऑफ फोर’ (१८९०) या कादंबरीत मेरी मॉर्स्टन प्रकरण घेऊन येते आणि अखेरीस वॉटसनची वाग्दत्त वधू होते. हे लग्न डॉयल यांना पुढे जड गेलेले दिसते. विवाहित वॉटसनला बेकर स्ट्रीटवर आणण्यासाठी दर वेळी निमित्त शोधावे लागते. कधी पत्नी नातेवाइकांकडे गेलेली असते, तर कधी तीच त्याला जाण्याचा आग्रह करते. शेवटी ‘द एम्प्टी हाउस’ (१९०३) या कथेत वॉटसनवर कोसळलेल्या दुःखाचा ओझरता निर्देश येतो आणि त्यावरून मेरी वारली असे वाचकाने समजून घ्यायचे असते. तिचे नावही तेथे नाही. त्याच कथेत होम्स मृत्यूच्या वार्तेतून परत येतो. एकाच कथेत मित्र जिवंत होतो आणि पत्नी दिवंगत ठरते, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

याहून बोलके उदाहरण ‘द ब्लांच्ड सोल्जर’ (१९२६) या कथेचे आहे. वॉटसन पुन्हा विवाह करून दूर गेलेला आहे आणि होम्स त्याबद्दल जवळजवळ रुसल्यासारखा बोलतो. ही कथा होम्सला स्वतःच सांगावी लागली आहे. पत्नी आली की निवेदक जातो, असा हिशेब डॉयल यांनी कळत वा नकळत मांडून ठेवला आहे. कथा म्हणून ती फिकी उतरली आहे, हेही नोंदवावयास हवे. आपल्या चातुर्याने स्वतःच थक्क होणे होम्सलाही जमत नाही.

ग्रॅनडाच्या मालिकेने हा हिशेब मुळातच खोडून टाकला. मूळ कथांशी इमान राखण्याबद्दल ही मालिका प्रसिद्ध आहे. वेशभूषा, फर्निचर, मासिकातील चित्रांवरून बेतलेल्या दृश्यचौकटी, सर्वत्र संहितेचा आधार. पण १९८७ साली ‘द साइन ऑफ फोर’चे रूपांतर करताना वॉटसनचे लग्न गाळण्यात आले. मेरी येते, प्रकरण संपते, मेरी निघून जाते. म्हणजे इतर स्त्री-अशिलांच्या रांगेत तिला नेऊन बसविले आहे. इतक्या निष्ठावंत रूपांतराने एवढा मोठा बदल करावा यातच त्याची निकड दिसते. यामागे निर्मितीची सोय होती हे उघड आहे. एकच दिवाणखाना, दोन खुर्च्या, न्याहारीचे टेबल, आणि तेथूनच प्रत्येक भागाची सुरुवात. वॉटसनला निमित्ते पुरविण्यात दर आठवड्याला दोन मिनिटे खर्च करणे कोणत्याही पटकथाकाराला नको असते. परंतु सोयीने सारे स्पष्ट होत नाही. याच मालिकेत वॉटसनची भूमिका करणारा नट बदलला; डेव्हिड बर्क यांच्यानंतर १९८६ पासून एडवर्ड हार्डविक आले. जेरेमी ब्रेट यांच्या होम्सची आणि त्याची मैत्री मात्र काही घडलेच नाही अशी पुढे चालू राहिली. माणूस बदललेला प्रेक्षकाला चालतो, पण जागा भरलेली लागते.

बीबीसीच्या ‘शेरलॉक’ने उलट मार्ग धरला. तिने लग्न गाळले नाही, उलट ते साजरे केले. २०१४ मधील ‘द साइन ऑफ थ्री’ हा संपूर्ण भाग जॉन आणि मेरी यांच्या विवाहसमारंभावर बेतलेला आहे. पण त्याचा कळस म्हणजे शेरलॉकने मित्राविषयी केलेले भाषण. लग्न मेरीशी लागते आणि प्रेमाची कबुली मैत्रीला मिळते. या दोघांना प्रेमी युगुल समजण्याचा विनोद ही मालिका पहिल्या भागापासून करीत आली आहे. तो विनोद म्हणजे बंधाची तीव्रता मान्य करून तिची जबाबदारी टाळण्याचा सोयीचा मार्ग आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. पुढे २०१७ मधील ‘द सिक्स थॅचर्स’ या भागात मेरी तपासकामात उतरते. ती जॉनइतकीच, किंबहुना काकणभर अधिक उपयोगी ठरू लागते. म्हणजे ती पत्नीच्या जागेवरून श्रोत्याच्या जागेकडे सरकते आणि नेमक्या त्याच भागात शेरलॉकवर झाडलेली गोळी स्वतःवर घेऊन मरते. त्यानंतरही तिला शांतपणे मरू दिलेले नाही. मालिकेच्या शेवटी ध्वनिचित्रमुद्रणातून तिचा आवाज येतो, दोघा मित्रांचे सहजीवन कसे असावे ते सांगतो आणि त्याला जणू आशीर्वाद देतो. तिची लहान मुलगीही त्या दोघांमध्येच दिसते. स्त्रीचे शरीर कथेतून काढून तिची संमती तेवढी ठेवून घ्यावी, असा हा प्रकार आहे. ग्रॅनडाची गाळणी त्यापेक्षा प्रामाणिक म्हणावी लागेल.

आयरीन अ‍ॅडलरचे उदाहरणही येथे पडताळून पाहण्यासारखे आहे. १८९१ च्या मूळ कथेत ती होम्सला हुलकावणी देऊन स्वतःच्या मर्जीने निघून जाते. ग्रॅनडाने आपल्या मालिकेचा प्रारंभच १९८४ साली या कथेने केला आणि तिचा विजय तसाच राखला. बीबीसीच्या २०१२ मधील रूपांतरात तिचा डाव उधळला जातो आणि अखेर शेरलॉकच तिचे प्राण वाचवितो. स्त्रीपात्राला अधिक वेळ, अधिक संवाद, अधिक आकर्षकता मिळाली. हातातला विजय मात्र गेला. पात्रांची मोजदाद करणाऱ्या समीक्षेला हा फरक दिसणार नाही.

४

आता ‘ब्योमकेश बक्षी’कडे वळता येईल. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी १९३२ पासून लिहिलेल्या या कथांवर डॉयल यांचा ठसा उघड आहे. पण लग्नाच्या बाबतीत त्यांनी एक साधा आणि दूरगामी बदल केला.

प्रथम या कथांतील घराकडे पाहावे. ब्योमकेश आणि अजित यांची गाठ पडते ती कलकत्त्यातील एका मेसमध्ये. शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी शहरात आलेले, कुटुंब गावी असलेले किंवा कुटुंबच नसलेले पुरुष तेथे खोल्या वाटून घेत. मुंबईच्या गिरणगावात कोकण-घाटावरून आलेले कामगार एका गाळ्यात पाळीपाळीने झोपत आणि खाणावळीत जेवत, त्याच सामाजिक स्थितीचे हे मध्यमवर्गीय रूप होय. स्त्रीचे तेथे नसणे ही लेखकाची लहर नव्हती. स्थलांतराने निर्माण केलेली ती वस्तुस्थिती होती. गिरणगावात खाणावळ चालविणारी बाई तरी असे आणि बेकर स्ट्रीटवर घरमालकीण मिसेस हडसन आहे. ब्योमकेशच्या बिऱ्हाडात चहा आणून देणारा पुँटिरामही पुरुषच आहे. या बिऱ्हाडात ‘अर्थमनर्थम्’ या कथेतून सत्यवती येते. मेरी मॉर्स्टनप्रमाणे तीही मदत मागण्यासाठीच आलेली आहे. तिच्या भावावर खुनाचा आळ आहे. स्वतःला सत्यान्वेषी म्हणविणाऱ्या नायकाला सत्यवती नावाची वधू देण्यातील मिस्कीलपणा लपत नाही.

परंतु येथे लग्न करतो तो नायक, श्रोता नव्हे. अजित जन्मभर अविवाहित राहतो आणि मुख्य म्हणजे त्याच घरात राहतो. डॉयल यांच्या कथांत श्रोत्याचे लग्न झाल्यामुळे जी अडचण झाली ती येथे उद्भवतच नाही. नायकाने संसार थाटला तरी कथा चालते. श्रोत्याने तो थाटला की कथा अडते. या दोन लेखकांच्या तुलनेतून निघणारे हे निरीक्षण गुप्तहेर-कथेतील स्त्रीस्थान समजून घेण्यास पात्रगणनेपेक्षा अधिक उपयोगी आहे. जी जागा मोकळी राहावयास हवी ती नायकाच्या शेजारची नसून श्रोत्याची आहे. आणि नायिका नायकाच्या आयुष्यात आली तरी श्रोत्याच्या जागेवर ती बसू शकत नाही.

शरदिंदूंना हे साधले त्याला एकत्र कुटुंबाची चौकट कारणीभूत आहे. विवाहानंतर मित्राने दुसरे घर पाहिले पाहिजे असा संकेत या संस्कृतीत नाही. अजित सत्यवतीला दिराच्या ठिकाणी होतो, आणि दीर-भावजयीच्या नात्यात थट्टा, रुसवा, हक्काने मागून घेतलेला चहा या सर्वांना मुभा असते. पंधरा वर्षांच्या खंडानंतर १९५१ मध्ये लिहिलेल्या ‘चित्रचोर’मध्ये आजारातून उठलेला ब्योमकेश हवापालटासाठी गेलेला आहे, सत्यवती त्याच्या पथ्यपाण्यावर करडी नजर ठेवते आणि अजित त्या घरच्या कुरबुरीत सामील असतो. तीन माणसांचे हे घर मराठी वाचकाला परके वाटत नाही.

दूरदर्शनच्या मालिकेत सत्यवतीची भूमिका सुकन्या कुलकर्णी यांनी केली. त्यांच्या वाट्याला आलेला अवकाश थोडा आहे, पण तो त्यांनी ठसठशीत केला आहे. तिच्या असण्याने मालिकेला घरपण येते आणि ब्योमकेश हा विक्षिप्त प्रतिभावंत न राहता नळ-दिवे-भाडे यांच्या जगातला माणूस वाटतो. या गुणाचे श्रेय बासू चटर्जी यांच्या मध्यमवर्गीय दृष्टीला अवश्य द्यावे. तथापि पत्नी हयात आणि सन्मानाने घरात आहे, म्हणून येथे स्त्रीचा प्रश्न सुटला असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. दिवाणखान्यात उलगडा सुरू होतो तेव्हा ऐकण्याचा हक्क अजितचा असतो. सत्यवती हुशार आहे हे आपल्याला ठाऊक असते, पण तिच्या हुशारीवर प्रकरण सोपविले जात नाही. इंग्लंडमधील मालिकांत पत्नीला बाहेर ठेवावे किंवा मारावे लागले. येथे ती आतल्या खोलीत राहते.

५

श्रोत्याच्या जागी प्रारंभापासूनच स्त्री असेल तर काय होते, हाही विचार करावयास हवा. दूरदर्शनवरील ‘करमचंद’ (१९८५) या मालिकेत तसे घडले. पंकज कपूर यांच्या करमचंदची सहकारी किटी (सुश्मिता मुखर्जी) ही प्रश्न विचारते, विस्मित होते, म्हणजे श्रोत्याचीच कामे करते. पण प्रत्येक वेळी तिला गप्प बसविले जाते आणि तो विनोद म्हणून लोकप्रिय होतो. वॉटसनचे बावळट प्रश्न प्रेक्षकाला आपले वाटतात, किटीचे हास्यास्पद वाटतात. अमेरिकेतील ‘एलिमेंटरी’ (२०१२ ते २०१९) या मालिकेने लूसी ल्यू यांना जोन वॉटसन केले आणि सात पर्वे होम्सशी तिचे नाते प्रणयाकडे वळू दिले नाही. तेथे श्रोता स्त्री झाला, पण श्रोत्याने प्रेमबंधनापासून अलिप्त राहण्याचा नियम तसाच राहिला.

सत्यजित राय यांच्या फेलुदा-कथांत तर स्त्रिया जवळजवळ नाहीतच. ‘संदेश’ या मुलांच्या मासिकासाठी त्या लिहिल्या गेल्या, हे त्याचे कारण सांगितले जाते आणि ते मान्य करण्यासारखे आहे. तेथील श्रोता तोपशे हा वयानेच लहान असल्यामुळे लग्नाचा प्रश्न येत नाही. तिसरी जागा विनोदी लेखक जटायूने घेतली आहे. संदीप राय यांच्या ‘किस्सा काठमांडू में’ (१९८६) या मालिकेत शशी कपूर फेलुदा होते आणि जटायूची भूमिका मोहन आगाशे यांनी केली होती. ब्योमकेशच्या घरात जो घरगुती ओलावा सत्यवतीमुळे येतो, तो येथे जटायूच्या भाबडेपणातून येतो. म्हणजे पत्नीच्या जागीही पुरुष चालतो असे दिसते.

याच्या नेमके उलट चित्र मराठी रंगभूमीच्या इतिहासात आहे, हे सहज आठवते. बालगंधर्वांच्या काळात नायिका रंगमंचाच्या केंद्रस्थानी होती आणि नटी नव्हती. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ने स्त्रीभूमिका स्त्रियांकडे सोपविल्या. गुप्तहेर-मालिकांच्या काळात नट्या हव्या तितक्या आहेत, पण जागा भरलेली आहे.

शरदिंदु बंद्योपाध्याय १९३८ मध्ये बॉम्बे टॉकीजसाठी मुंबईस आले आणि १९५२ पासून पुण्यात स्थायिक झाले. ब्योमकेशच्या उत्तरकालीन कथा कलकत्त्यापासून इतक्या दूर लिहिल्या गेल्या. १९६० नंतरच्या काही कथांत त्यांनी अजितचे निवेदन थांबविले. श्रोत्याची जागा अशी प्रथमच रिकामी झाली. सत्यवती तोवर जवळजवळ तीन दशके त्या घरात होती. तिच्या डोळ्यांदेखत प्रकरणे आली आणि गेली होती, आणि सांगण्याची संधी आता तिला सहज देता आली असती. शरदिंदूंनी निवेदन तृतीयपुरुषी, नाव नसलेल्या निवेदकाकडे सोपविले. १९७० मध्ये त्यांच्या निधनाने शेवटची कथा अपुरी राहिली, तेव्हाही ते तेथेच होते.